हवालदार क्रमांक दोन : ऑडिशनपासून पैसे खात्यात येईपर्यंत

काम दोन दिवसांचं, टीव्ही मालिकेतल्या हवालदाराच्या छोट्या भूमिकेचं. सीन तीन, वाक्यं एकूण नऊ. ऑडिशन ११ फेब्रुवारी २०२५ ला, शूटिंग २७ आणि २८ फेब्रुवारीला, पैसे ४ जुलैला. या मधल्या काळात कुणाला काय विचारायचं, सोबत काय न्यायचं आणि कशाची किती वाट पाहायची हे आधी कळलं असतं तर बरेच हेलपाटे वाचले असते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. मालिका हिंदी, पोलीस ठाण्यातली, सत्यघटनांवर बेतलेली. तिचं आणि बाकी कुणाचं नाव घेत नाही.

वर्दीतल्या छोट्या भूमिका एवढ्या निघतात कशा, हा पहिला प्रश्न. ‘सीआयडी’सारख्या मालिकेत टीम ठरलेली असते. शिवाजी साटम, आदित्य श्रीवास्तव, दयानंद शेट्टी ही माणसं तीच राहतात. दर गोष्टीला बदलतात ते मयत, संशयित आणि शेजारी. १९९८ पासून २०१८ पर्यंत ती याच पद्धतीने चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत सुरू झाली तेव्हाही चेहरे तेच. ‘क्राइम पेट्रोल’च्या जातीच्या मालिकांचं उलट. तिथे दर गोष्टीचं शहर वेगळं, म्हणून ठाणं वेगळं, म्हणून वर्दीतली माणसंही वेगळी. एक इन्स्पेक्टर, एक-दोन फौजदार, दोन-तीन हवालदार, एक महिला शिपाई, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा नवीन संच. नवख्याला शिरायला फट असते ती इथे.

फोटोंपासून सुरुवात केली. पोर्टफोलिओच्या नावाखाली वीस-तीस हजार मागणारे पुष्कळ भेटतात. पोलिसाच्या भूमिकेसाठी त्यातलं काहीच लागत नाही. साध्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, फिक्या रंगाच्या शर्टात चार फोटो : समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि पूर्ण उंचीचा. ओळखीच्या फोटोग्राफरने ६०० रुपये घेतले, मोबाइलवर काढले असते तरी चाललं असतं. केस बारीक, कानावर न येणारे. मिशी असेल तर ठेवावी, पण एक फोटो मिशीशिवायचा जुना असला तर तोही द्यावा. शिवाय एक मिनिटाचा ओळखीचा व्हिडिओ लागतो. फोन आडवा धरून नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, येणाऱ्या भाषा, मग दोन्ही बाजू आणि शेवटी दोन्ही हात पुढून-मागून. हात कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. कारण सेटवर कळलं. हातकडी घालतानाचे, पंचनामा लिहितानाचे क्लोज याच हातांचे घेतात. मेंदी, गोंदण, कापल्याची खूण आधी माहीत असलेली बरी.

कास्टिंगची बरीचशी ऑफिसं अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या आराम नगरात. घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा स्टेशन आणि पुढे रिक्षा. मीटरचं किमान भाडं तेव्हा नुकतंच २६ रुपये झालं होतं. बंगल्याच्या दाराबाहेर कागद चिकटवलेला असतो : काय हवंय, कुठल्या वयाचं, किती वाजेपर्यंत. आत डोकावून विचारायचं. दारातला मुलगा एक नजर टाकून ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ म्हणतो. अनफिट म्हणजे त्या भूमिकेच्या चित्रात तुम्ही बसत नाही, एवढंच. वाद घालून उपयोग नसतो, मनाला लावून तर मुळीच नाही. त्या दिवशी सकाळी दोन ठिकाणी अनफिट झाल्यावर तिसरीकडे वहीत नाव लिहायला मिळालं, नंबर ४१. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘कार्ड बनवण्यासाठी’ कुणी पैसे मागितले तर तिथून निघावं. काम देणारा पैसे घेत नाही. कोऑर्डिनेटर, म्हणजे नटांना काम मिळवून देणारा मध्यस्थ, मानधनातून कापून घेतो, तेही काम झाल्यावर.

हातात आलेलं पान हिंदी संवादांचं, पण रोमन लिपीत टाइप केलेलं. हे सर्रास चालतं. पहिला अर्धा तास पाठांतरात घालवण्याऐवजी सगळं स्वतःच्या अक्षरात देवनागरीत उतरवून काढलं, आणि निम्मं पाठांतर तिथेच झालं. त्यातल्या खाचाही दिसल्या : ‘पंचनामा’ आणि ‘पंच नामा’ कागदावर वेगळे दिसतात, तोंडातून सारखेच यायला हवेत.

मराठी नटाकडून हिंदी हवालदार करवून घेताना एक ठरावीक सूर मागितला जातो : ‘क्या बोलता साब’ छापाचा. ऑडिशनला आधी सरळ, स्वच्छ हिंदीत एक टेक द्यावा आणि मग विचारावं, ‘मराठी लहजा हवा का?’ आधीच विनोदी करून टाकलं की ती भूमिका विनोदाच्याच खणात जाते. ‘सेक्रेड गेम्स’मधला जितेंद्र जोशींचा हवालदार काटेकर आठवावा. लहजा आहे, माणूस मात्र पुरता गंभीर आहे. मुळात या पोलिसी मालिकांची पाळंमुळंही मराठीत आहेत. ‘सीआयडी’ करणाऱ्या बी. पी. सिंग यांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ केली होती आणि साटम तिच्यातही होते. तिथले पोलीस मराठी बोलायचे आणि त्यात कुणाला गंमत वाटत नव्हती.

मग अकरा दिवस काहीच नाही. फोन करून विचारू नये असं म्हणतात. आठवड्यानंतर एकदा मेसेज करायला हरकत नाही, उत्तर मात्र येत नाही. २२ फेब्रुवारीला रात्री पावणेदहाला कोऑर्डिनेटरचा फोन : ‘सर, सत्ताईस-अट्ठाईस खाली हो? लॉक करूँ?’ या क्षणी आनंदाने नुसतं ‘हो’ म्हणायचं नाही. दिवसाचा दर किती, दिवस किती, शिफ्ट किती ते किती, प्रवासखर्च वेगळा का, डबिंगला बोलावलं तर त्याचे पैसे वेगळे का, आणि पैसे किती दिवसांनी हे विचारायचं. नव्वद दिवस म्हटलं तर ते शूटिंगपासून की प्रसारणापासून हेही विचारायचं. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागायची. दर ठरला दिवसाला ३,५०० रुपये, प्रवासाचे ५०० रोख, कोऑर्डिनेटरचे वीस टक्के. नव्वद दिवस शूटिंगपासून. डबिंगचं विचारायचं राहिलं, ते पुढे नडलं.

दुसऱ्या दिवशी मापं मागवली : छाती, कंबर, पँटची उंची, खांदा, बुटाचा नंबर, डोक्याचा घेर. टेपने मोजून द्यावीत. शर्टाचा साइज सांगितला की भाड्याच्या खाकीत घोळ होतो, कारण ती शिवलेली असते वेगवेगळ्या माणसांसाठी. डोक्याचा घेर बरेच जण देत नाहीत आणि मग दिवसभर टोपी कपाळावर घसरत राहते.

सोबत नेलं ते असं : पांढरा बनियन दोन, तपकिरी मोजे दोन जोड, बुटात घालायचे तळवे, सेफ्टीपिना, पातळ टॉवेल, पॅन आणि आधारच्या प्रती, रद्द केलेला चेक. तळव्यांनी वाचवलं. भाड्याचे बूट नऊ नंबरचे म्हणून आले आणि पायात दहाचे निघाले.

२७ तारखेला नायगावच्या स्टुडिओत पोलीस ठाण्याचा सेट होता. शिफ्ट नऊ ते नऊ, कॉलटाइम आठ. डोंबिवलीकडून येणाऱ्यांनी दिवा–वसई गाडीवर विसंबू नये. फेऱ्या मोजक्या आहेत, चुकली तर दादरला वळसा. पोचल्यावर आधी एडीला (सहायक दिग्दर्शकाला) तोंड दाखवायचं, मग मेकअप, मग कपडे सांभाळणारे ड्रेस दादा. हा क्रम मोडला तर मेकअपचे डाग खाकीच्या कॉलरला लागतात आणि ड्रेस दादांचा दिवस तिथेच बिघडतो.

वर्दी अंगावर चढवताना स्वतः नजर टाकावी, कारण घाईत ती चुकते. हवालदाराला तीन फिती. सहायक फौजदाराला एक तारा आणि लाल-निळी पट्टी, फौजदाराला दोन तारे आणि पट्टी, इन्स्पेक्टरला तीन तारे आणि पट्टी. तीन तारे आहेत पण पट्टी नाही, तो एसीपी. खांद्यावर शिपाई-हवालदारांच्या ‘मपो’ (महाराष्ट्र पोलीस) आणि वरच्या, राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या ‘मपोसे’ (महाराष्ट्र पोलीस सेवा) ही अक्षरं. पेटीतून माझ्या हाती आली ती ‘मपोसे’ होती. ड्रेस दादांना हळूच दाखवलं तर त्यांनी निमूट बदलून दिली. चारचौघांत मोठ्याने सांगितलं असतं तर चित्र वेगळं असतं. छातीवरची नावाची पट्टीही वाचून घ्यावी. आदल्या गोष्टीतल्या हवालदाराचं नाव तिच्यावर राहिलेलं असू शकतं, आणि इन्स्पेक्टर तुम्हाला ‘शिंदे’ म्हणून हाक मारत असताना पट्टीवर ‘जगताप’ दिसतं.

खाकीला कडक स्टार्च होता. पडद्यावर तो छान दिसतो, माइकला मात्र जाचतो. छातीवर लावलेल्या बारीक माइकवर कडक कापड घासलं की संवादाखाली कागद चुरगळल्यासारखी खरखर येते. साउंडवाल्या दादांनी शर्टाची आतली बाजू ओल्या फडक्याने तेवढ्या जागी मऊ केली, माइक मायक्रोपोर टेपने बनियनला चिकटवला आणि बजावलं, ‘बोलताना छातीशी फाइल धरू नका.’ पटकथेत नेमकी छातीशी फाइल होती. ती डाव्या काखेत गेली आणि दिवसभर तिथेच राहिली.

ती दिवसभर तिथेच राहायला हवी, हेच या कामातलं खरं अवघड. सीन गोष्टीच्या क्रमाने घेत नाहीत. ठाण्यातला पहिला आणि शेवटचा सीन एकापाठोपाठ झाला, कारण प्रकाशयोजना एकच होती. मधले दहा दिवस गोष्टीत जातात ते फक्त इन्स्पेक्टरच्या दाढीत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दिसले. एकाच सीनमध्येही आधी मास्टर, म्हणजे सगळे एकत्र दिसतील असा अख्खा सीन, मग इन्स्पेक्टरचा क्लोज, मग संशयिताचा, मग खांद्यावरून घेतलेलं सजेशन. प्रत्येक वेळी मागचा हवालदार तेच तेव्हाच करताना दिसला पाहिजे.

सीन असा होता : संशयित खुर्चीत, इन्स्पेक्टर टेबलाच्या कडेवर, हवालदार मागे उभा राहून वहीत लिहितोय. मास्टरमध्ये इन्स्पेक्टरने ‘गाड़ी का नंबर?’ विचारलं तेव्हा मी वहीचं पान उलटलं. सहज, काही न ठरवता. तीन टेकनंतर संशयिताचा क्लोज लागला. खांद्यामागे माझे फक्त हात दिसत होते, आणि पान उलटायचं मी विसरलो. मॉनिटरमागून आवाज आला, ‘हवालदार का पन्ना कब पलटा था?’ मास्टर परत लावून पाहिला, क्लोज परत घेतला. यावर उपाय एकच : हालचाल घड्याळाशी किंवा भावनेशी जोडायची नाही, शब्दाशी जोडायची. ‘नंबर’ ऐकलं की पान, ‘झूठ’ ऐकलं की पेन थांबतं, ‘लॉकअप’ ऐकलं की वही बंद. त्यानंतर पटकथेच्या कागदावर संवादांखाली पेन्सिलीने एवढंच लिहीत गेलो. आणि हालचाली कमी ठेवाव्यात. मास्टरमध्ये उत्साहाने पाच गोष्टी केल्या की त्या पाचही रात्री साडेआठपर्यंत सांभाळायच्या असतात.

सॅल्यूट. डोक्यावर टोपी नसेल तर हाताने सॅल्यूट करत नाहीत, सावधान उभे राहतात. मालिकांत हे कायम चुकतं, कारण सावधान उभं राहणं कॅमेऱ्याला पुरेसं वाटत नाही. दिग्दर्शकाला एकदा विचारलं. त्यांनी टोपी घालायला सांगितली आणि प्रश्न मिटला.

कलमांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाला कलम १०३. नटांच्या तोंडात मात्र ‘तीन सौ दो’ इतकं बसलंय की कागदावर नवं कलम असलं तरी टेकमध्ये जुनंच येतं. आमच्याकडे घोळ उलटा झाला. कागदावर १०३ होतं आणि गोष्ट २०१९ मधली. १ जुलै २०२४ आधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड विधानच लागतं, तेव्हा ३०२ च बरोबर. लेखन विभागाच्या मुलीने फोन करून खात्री केली आणि संवाद बदलला. नऊ वाक्यांच्या हवालदाराने असलं काही सांगावं का? सांगावं, पण टेकच्या आधी, एडीच्या कानात आणि एकदाच.

दोन शॉटच्या मधे तीन-तीन तास जातात. पाठ टेकून बसलं की खाकीला मागे चुण्या पडतात, म्हणून स्टुलावर बसायचं. जेवताना शर्ट काढून बनियनवर टॉवेल. आणि वर्दीत स्टुडिओच्या फाटकाबाहेर जायचं नाही, अगदी चहाच्या टपरीवरसुद्धा. फसवण्याच्या हेतूने लोकसेवकाचा गणवेश घालणं हा न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. चहा पिण्यात तसा हेतू नसतो हे खरं, पण रस्त्यावरच्या माणसाला आणि गस्तीवरच्या खऱ्या पोलिसाला ते समजावत कोण बसणार? वर्दीतला सेल्फी प्रसारणाआधी कुठेही टाकायचा नाही हे निर्मात्याच्या कागदावर सहीसह लिहिलेलं असतं. तो कागद वाचूनच सही करावी.

२८ तारीख मढला. वर्सोव्याहून फेरीबोटीने पलीकडे, पुढे रिक्षा. बंगल्यात आरोपी लपलाय, इन्स्पेक्टर दार फोडतो, मागून दोन हवालदार शिरतात. दार फोडणं म्हटलं की ‘सीआयडी’तला दयानंद शेट्टींचा ‘दया’च आठवतो, प्रत्यक्षात दार पाडण्याचं बरंचसं श्रेय सुताराचं. कडीच्या बाजूची चौकटीची पट्टी आधीच करवतीने कापून दोन बारीक खिळ्यांवर टेकवलेली होती. लाथ कडीजवळच, पूर्ण तळव्याने मारायची. मधोमध मारली तर पट्टी तशीच राहते, प्लायला भोक पडतं आणि पाय अडकतो. सुतार दादांकडे पट्ट्या तीन होत्या, म्हणजे टेकही तीनच. २००४ मध्ये ‘सीआयडी’चा १११ मिनिटांचा अख्खा भाग न कापता एकाच शॉटमध्ये घेतला होता, तिथे पट्टी बदलायला कुणी थांबलं नसतं हे त्या दिवशी फार जाणवलं. दार पडल्यावर हवालदार क्रमांक एक डावीकडे, क्रमांक दोन उजवीकडे. मी पहिल्या टेकला इन्स्पेक्टरच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे आलो. एक पट्टी वाया गेली. दुसऱ्या टेकआधी जमिनीवर टेपचा मार्क मागून घेतला, तो आधीच मागायला हवा होता.

पॅकअपनंतर प्रॉडक्शनच्या माणसाकडून व्हाउचर भरून घ्यायचं : दोन्ही तारखा, शिफ्ट, रक्कम. त्याचा फोटो तिथेच काढून ठेवायचा. रात्री नऊनंतर सगळ्यांना निघायची घाई असते आणि ‘कल भेज देते हैं’ म्हटलेलं व्हाउचर सहसा येत नाही. बिल त्याच तारखेचं, पॅन आणि बँकेच्या तपशिलासह, त्याच रात्री ईमेलने पाठवलं.

१२ मार्चला डबिंगला बोलावलं. मढच्या सीनमध्ये समुद्राचा वारा माइकवर आला होता. अंधेरीत चाळीस मिनिटांचं काम, दोन वाक्यं, पैसे शून्य, प्रवास आपला. आधी न विचारल्याची किंमत.

प्रसारण एप्रिलमध्ये झालं. तीन सीनपैकी दोन राहिले, नऊ वाक्यांपैकी चार. वहीचं पान उलटणारे हात मात्र पूर्ण होते, दोन्ही बाजूंनी जुळलेले. घरच्यांना भाग दाखवताना रिमोट आपल्याच हातात ठेवावा.

नव्वद दिवस २९ मे रोजी संपले. पहिला मेसेज ३० तारखेला, नंतर दर सोमवारी एक. प्रत्येकात बिलाचा क्रमांक, शूटिंगच्या तारखा आणि व्हाउचरचा फोटो. राग दाखवून काही हलत नाही. ‘अकाउंट्सला पाठवलंय’ हे उत्तर तीनदा आलं, चौथ्या वेळी कळलं की बिलावर भागाचा क्रमांक नव्हता म्हणून ते बाजूला पडलं होतं. तो क्रमांक कोऑर्डिनेटरकडून शूटिंगच्याच दिवशी घेऊन बिलावर टाकावा. सिंटाचं (सिने-टीव्ही नटांच्या संघटनेचं) सभासदत्व असेल तर थकलेल्या पैशांची तक्रार तिथे करता येते. ज्यांना हे काम नियमित करायचंय त्यांनी त्याचे नियम आणि शुल्क आधी बघून ठेवावं.

४ जुलैला, शूटिंगनंतर १२६ व्या दिवशी पैसे आले. ७,००० चे टीडीएसचे ७०० वजा, ६,३००. त्यातून कोऑर्डिनेटरचे १,४००, कारण वीस टक्के पूर्ण रकमेवर धरतात. हातात ४,९००, शिवाय प्रवासाचे मिळालेले १,०००. खर्च : फोटो ६००, केस १२०, ऑडिशन आणि डबिंगच्या दोन फेऱ्या ३२०, शूटिंगचा प्रवास ४८०. उरले ४,३८०. टीडीएस कापण्याच्या आयकर कायद्यातल्या कलम १९४जे ची मर्यादा त्या वर्षी ३०,००० होती, म्हणजे कापलं नसतं तरी चाललं असतं. पण बहुतेक कंपन्या सरसकट कापतात. आयकर खात्याच्या २६एएस या कर-नोंदीत ७०० दिसले. बिल फेब्रुवारीचं म्हणून कपात २०२४–२५ च्या खात्यात होती, त्या वर्षाच्या विवरणपत्रात दाखवून ती परत मागितली.

ऑगस्टमध्ये त्याच कोऑर्डिनेटरचा पुन्हा फोन आला. दर, शिफ्ट, डबिंग, भागाचा क्रमांक असे सगळे प्रश्न कागदावर लिहून तयार ठेवले होते. पण पहिला प्रश्न त्याचाच होता : ‘सर, वजन उतनाही है ना? वर्दी वही है.’